जर्मनीत एमएस : कागद आधी की कर्ज आधी? (मराठवाड्यातल्या मुलांसाठी)

सिंदफणा
भाचा यंदा मेकॅनिकल झाला, संभाजीनगरच्या कॉलेजातून. सीजीपीए ७.१. दोन विषय राहिले होते, ते निघाले. पुढच्या ऑक्टोबरला जर्मनीत एमएसला जायचं त्याच्या मनात आहे. वडिलांची गेवराई तालुक्यात सहा एकर जमीन आणि गावात घर, बाकी काही नाही. एका एजंटानं 'तुम्ही फक्त सही करा' म्हणत दीड लाख सांगितले आणि एका खासगी विद्यापीठाचं पत्रक हातात दिलं.
माझं मत, कागद आपणच समजून घेऊन करावेत. पण सुरुवात कुठून करायची? जमिनीवर बँक कर्ज देते का? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा, बाकीच्या पालकांच्याही कामी येईल.

दुधनाकाठ
ताई, सुरुवात पासपोर्टवरच्या नावापासून. हे सगळे शेवटी ठेवतात आणि तिथंच अडकतात.
दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आईचं नाव वेगळं. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकी नाव वेगळ्या रकान्यात. आडनावाचा रकाना रिकामा ठेवून सगळं नाव दुसऱ्या रकान्यात टाकलेलं असेल तर विद्यापीठाच्या पोर्टलपासून विमानाच्या तिकिटापर्यंत प्रत्येक ठिकाणी खुलासा करावा लागतो. तो पासपोर्ट आधी दुरुस्त करून घ्या.
इंग्रजी स्पेलिंग दहावी, बारावी, पदवी आणि पासपोर्ट अशा चारही ठिकाणी अक्षर न् अक्षर ताडून बघा. ज्ञानेश्वर, वैष्णवी, ऋषिकेश ही नावं हमखास दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. कुठं फक्त वडिलांचं नाव गळलं असेल तर प्रतिज्ञापत्रावर बहुतेक भागतं. स्पेलिंगच वेगळं असेल तर पदवी प्रमाणपत्र छापून यायच्या आत विद्यापीठात दुरुस्तीचा अर्ज द्या, नंतर ते काम फार लांबतं. पासपोर्टावरचं नाव एकदा पक्कं झालं की आयईएल्टीएस (इंग्रजीची परीक्षा), एपीएस (जर्मनीसाठी आपल्या पदवीच्या कागदांची पडताळणी), ब्लॉक खातं (तिथल्या राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), तिकीट सगळीकडे तेच.

कयाधू
दुधनाकाठ यांच्या मुद्द्याला जोडून. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. मुलांच्या जन्मदाखल्यावर जुनं नाव आणि नव्या पासपोर्टवर नवं नाव असं होतं. त्यात चूक कोणाचीच नाही, पण तिकडच्या कारकुनाला ती दोन वेगळी गावं वाटतात. नामांतराच्या शासकीय अधिसूचनेची प्रत फाइलमध्ये ठेवा आणि जिथं जन्मगाव विचारलंय तिथं पासपोर्टात आहे तेच लिहा.

पूर्णामाय
ट्रान्सक्रिप्टचं पण बघा. आपल्याकडची बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं आता लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि संभाजीनगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. नावं इतकी सारखी की मुलं ऑनलाइन यादीतून चुकीचं विद्यापीठ निवडतात आणि अर्ज परत येतो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही 'मराठवाडा' आहेच. गुणपत्रिकेवर जे नाव छापलंय ते पूर्ण वाचून तेच निवडा.
लोणेरे रायगड जिल्ह्यात, माणगावजवळ. नुसती चौकशी करायला इतक्या लांब जाऊ नका. आधी कॉलेजच्या परीक्षा विभागातून अर्जाची पद्धत आणि शुल्क विचारून घ्या. ट्रान्सक्रिप्टचे सीलबंद संच एकदम तीन-चार मागवा. त्याच अर्जासोबत इंग्रजी माध्यमाचं पत्र आणि श्रेणीपद्धतीचं पत्र मागा. श्रेणीपद्धतीच्या पत्रावर सगळ्यात वरचा गुणांक आणि पास व्हायचा किमान गुणांक, दोन्ही स्पष्ट हवेत.

तेरणा
पूर्णामाय यांनी शेवटी जे लिहिलंय ना, भाच्याच्या बाबतीत सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. जरा आकडेमोड करून दाखवते.
जर्मनीत आपले गुण त्यांच्या मापात बदलतात. तिथं १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. सूत्र असं : कमाल गुणांतून मिळालेले वजा करा, त्याला कमाल वजा किमान-पास यांनी भागा, आलेल्या उत्तराला ३ नं गुणा आणि १ मिळवा. सीजीपीए ७.१ आणि पासची मर्यादा ४ धरली तर १० वजा ७.१ म्हणजे २.९, भागिले ६, गुणिले ३, अधिक १ : उत्तर २.४५. तेच पासची मर्यादा ५ धरली तर भागिले ५ होतं आणि उत्तर येतं २.७४.
बऱ्याच अभ्यासक्रमांची अट '२.५ किंवा त्याहून चांगलं' अशी असते. मुलगा तोच, गुण तेच, पण एका आकड्यानं तो यादीत बसतो किंवा बाहेर जातो. म्हणून श्रेणीपद्धतीच्या पत्राशिवाय अर्ज पाठवूच नका. ते नसेल तर तिकडचा माणूस स्वतःच्या अंदाजानं किमान धरतो.

मांजराकाठ
तेरणाताई, सूत्र बरोबर, पण त्यावर एवढा भर नको. किमान गुणांक आपण ठरवत नाही, ते विद्यापीठ किंवा युनि-असिस्ट (बऱ्याच विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था) ठरवतं. काही विद्यापीठं हे सूत्र बाजूला ठेवून विषयांची जुळणी आधी बघतात. मेकॅनिकलच्या मुलानं मेकाट्रॉनिक्सला अर्ज केला आणि इलेक्ट्रॉनिक्सचे क्रेडिट कमी पडले तर १.८ वाला पण बाहेर जातो. अभ्यासक्रमाच्या पानावर गणितात इतके, मेकॅनिक्समध्ये इतके क्रेडिट अशी यादी दिलेली असते. सिलॅबस आणि ती यादी शेजारी ठेवून एकेक विषय जुळवा.

तेरणा
विषयजुळणीचं मान्य. पण जिथं २.५ ची कडक रेघ आहे तिथं पत्र लागतंच, त्यावर मी ठाम आहे.

बालाघाट
एजंटाबद्दल कोणी बोललंच नाही. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं एजंटाला कमिशन देत नाहीत, खासगी देतात. पत्रक खासगीचंच का आलं, ते यावरून समजून घ्या. सरकारी विद्यापीठात बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही, फक्त सत्र-वर्गणी, साधारण १०० ते ४०० युरो. त्याला अपवाद आहेत : बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या मुलांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो फी आहे, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरुह ही गावं त्यात आली. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी लावली आहे, मास्टर्सला सत्राला ४,००० ते ६,००० युरो.
अभ्यासक्रम 'डाड'च्या (जर्मनीची विद्यार्थी-देवाणघेवाण संस्था) यादीत शोधा. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का ते अनाबिन या जर्मन संकेतस्थळावर 'एच प्लस' शेरा बघून ठरवा. दोन्ही फुकट आहे. सरकारी विद्यापीठाच्या अर्जात एजंट फक्त फॉर्म भरतो, तो मुलालाही भरता येतो.

लेंडी
एपीएस कोणी सांगितलं नाही म्हणून. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. फी १८,००० रुपये. कागदांच्या प्रती मागतात, मूळ गुणपत्रिका कुरिअरनं पाठवू नका. हातात दोन-तीन महिने ठेवूनच अर्ज करा, कारण एक पान कमी असलं तरी फाइल थांबते. बॅकलॉगच्या जुन्या गुणपत्रिका, म्हणजे नापास आणि नंतर पास अशा दोन्ही, जोडायच्या. नापासाची लपवली तर ट्रान्सक्रिप्टमध्ये प्रयत्नांची नोंद दिसते आणि शंका येते.
युनि-असिस्टमधून जाणाऱ्या अर्जांना पहिल्याला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. सहा-आठ अर्ज पुरे. वीस-वीस अर्ज करणं म्हणजे पैसे घालवणं.

सिंदफणा
सगळ्यांचे मनापासून आभार. पण जमिनीचं अजून कोणी सांगितलं नाही.

कयाधू
सांगतो, थोडं मोठं होईल.
शेतजमीन तारण म्हणून शिक्षणकर्जाला बहुतेक बँका घेत नाहीत. कारण सरळ आहे. कर्ज थकलं तर बँक सरफेसी कायद्यानं तारण विकते, आणि त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. जी वस्तू विकता येत नाही ती बँकेच्या लेखी तारण नाही. सहा एकर काय, साठ एकर असलं तरी सातबारा दाखवून उपयोग नाही. म्हणून मॅनेजरशी भांडण्यात वेळ घालवू नका.
चालतं काय? एनए (बिगरशेती) प्लॉट, फ्लॅट, नगरपालिका हद्दीतलं घर, मुदत ठेव, एलआयसीची पॉलिसी. नात्यातल्या कोणाचा प्लॉट असेल आणि ते सहकर्जदार किंवा जामीनदार व्हायला तयार असतील तर तोही चालतो. गावातल्या घराची अडचण अशी की ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा म्हणून बँकेचा वकील तो एकटा धरत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोननं मोजणी होऊन मालमत्तापत्रक मिळतं. ते आलं असेल तर निदान बोलणी सुरू होतात, तरी काही शाखा गावठाणातलं घर घेतच नाहीत. पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा.
बँकांच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांच्या वर लागतं. परदेशासाठी १५ टक्के मार्जिन, म्हणजे खर्चाचा तेवढा वाटा आपला. मूल्यांकन अहवाल आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट यांचा खर्च वेगळा, कर्ज नामंजूर झालं तरी तो परत येत नाही. म्हणून जागेचे कागद आधी आपल्या ओळखीच्या वकिलाला दाखवा. आणि पीएम-विद्यालक्ष्मीच्या नावावर जाऊ नका, ती योजना भारतातल्या संस्थांसाठी आहे.
एक गोष्ट नेहमी राहते. 'फी नाही तर कर्ज कशाला?' असं शाखेत विचारतात. विद्यापीठाचं पत्र आणि ब्लॉक खात्याची अट छापून न्या. राहण्याचा खर्च हाही शिक्षणकर्जात धरता येतो, हे दाखवावं लागतं.

विंचरणा
शिष्यवृत्ती विसरू नका. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे. मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती. ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी बहुजन कल्याण विभागाची. उत्पन्नाची मर्यादा आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट बदलत असते, त्या वर्षीची जाहिरातच प्रमाण माना.
जर्मनीच्या बाबतीत अडतं ते क्रमवारीवर. तिथली उपयोजित विज्ञानाची हॉखशूल (प्रत्यक्ष कामावर भर देणारी विद्यापीठं) चांगलं शिकवतात, नोकऱ्याही लागतात, पण क्यूएसच्या जागतिक क्रमवारीच्या यादीत त्यांचं नावच नसतं. शिष्यवृत्तीवर भिस्त असेल तर मोठ्या विद्यापीठांतले निदान दोन-तीन अर्ज ठेवा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि जातवैधता आत्तापासून तयार ठेवा. जाहिरात आल्यावर वैधतेला अर्ज केला तर ते वर्ष गेलं म्हणून समजा.

मन्याड
ब्लॉक खात्याचं मी सांगतो. सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. युरो शंभर रुपयांना धरला तरी ११ लाख ९० हजार. आकडा बदलू शकतो, भरायच्या दिवशी दूतावासाचं पान बघा.
पैसे पाठवताना होतं काय, की मधली बँक आपलं शुल्क कापते आणि तिकडं ११,८८५ पोचतात. एक युरो जरी कमी असला तरी पुष्टीपत्र निघत नाही आणि व्हिसाची तारीख हुकते. त्यासाठी ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा बँकेतला अर्ज) भरताना सगळे शुल्क पाठवणाऱ्याकडे असा पर्याय निवडा, आणि वर ५० युरो जास्त टाका, ते वाया जात नाहीत. तालुक्याच्या शाखेत परकीय चलनाचं काम नसतं. संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरच्या मोठ्या शाखेतून करा.
हे पैसे पहिल्या दिवशी हातात येत नाहीत. तिथलं चालू खातं उघडल्यावर दर महिन्याला ९९२ सुटतात. घराची अनामत कायद्यानं तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागता येते. शिवाय पहिलं भाडं, विमा, गादी-भांडी. ब्लॉक खात्याशिवाय निदान दोन ते अडीच हजार युरो वेगळे धरा. कर्ज मागताना ही रक्कमही त्यात लिहा, नंतर वाढवून मिळत नाही.

गोदाकाठ_गंगाखेड
तिकडं पोचल्यावरचं पण लिहा की कोणी. पोरं खायचं काय घेऊन जायलेत ते पण सांगा, घरची माणसं बॅगा भरून देयलेत.

पूर्णामाय
खाण्याचं मी सांगते. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा, पनीर काहीही नको, कस्टममध्ये काढून टाकतात आणि दंडही होतो. ताजा कढीपत्ता, आंबे यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, तेही नको. काळा मसाला, येसर, शेंगदाण्याची-जवसाची चटणी, तिखट, सांडगे, डाळी चालतात. सगळं दुकानातल्यासारखं बंद पाकिटात आणि वर इंग्रजी नाव लिहून.
ज्वारीचं पीठ दोन किलोच्या वर नेऊ नका, महिना-दीड महिन्यात कडवट होतं. मोठ्या गावांत भारतीय दुकानात मिळतं. खोलगट तवा नेऊ नका, काचेच्या सपाट शेगडीवर तो मधेच टेकतो, भाकरीच्या कडा कच्च्या राहतात. सपाट बुडाचा लोखंडी तवा घ्या, तो इंडक्शनलाही चालतो. आच नसल्यामुळे भाकरी फुगवायला दुसरी बाजू तव्यावरच सुती फडक्यानं हलकी दाबून घ्यायची. पीठ उकळत्या पाण्यात मळलं तर चिरा पडत नाहीत.

लेंडी
आणि फोडणीला खिडकी उघडी ठेवा. वसतिगृहात धुराचा अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडलेला असू शकतो. विनाकारण बंब आला तर त्याचं बिल मुलाच्या नावावर येतं. अलार्मवर पिशवी बांधायचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका, तो गुन्हा ठरतो.

गोदाकाठ_गंगाखेड
हे लई कामाचं सांगितलंत ताई. तव्याचं तर कोणीच सांगत नाही.

मांजराकाठ
राहण्याची जागा हा खरा अवघड भाग. प्रवेशपत्र (विद्यापीठाचं प्रवेश दिल्याचं पत्र) आलं त्याच दिवशी श्टुडिरेंडनवेर्कच्या (विद्यार्थी-सुविधा बघणारी तिथली संस्था) वसतिगृहाला अर्ज टाका, प्रतीक्षायादी कित्येक महिन्यांची असते. खोली बघितल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय अनामत पाठवू नका. 'मी परदेशात आहे, चावी कुरिअरनं पाठवतो' म्हणणारा घरमालक म्हणजे फसवणूकच.
घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची. त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ते देणार का, हे करारापूर्वीच विचारा. काही जण खोली देतात आणि नोंदणी नको म्हणतात, तशी खोली घेऊ नये. नोंदणीशिवाय करक्रमांक नाही, निवासपरवान्याची तारीख नाही, नोकरी नाही. प्रसारण (रेडिओ-टीव्ही) शुल्काचं १८.३६ युरोचं पत्र येईल, ते घरटी महिन्याला एकच असतं, चौघं राहत असाल तर वाटून घ्या. पण पत्र फेकून देऊ नका, वसुली लागते.

तेरणा
अभ्यासाबद्दल एक. तिथं परीक्षेला बसायचं तर पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते, वर्गात बसलं म्हणजे झालं असं नाही. नोंदणी केली आणि न सांगता गैरहजर राहिलं तर बऱ्याच ठिकाणी तो नापास धरतात. साधारण तीन प्रयत्न मिळतात. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा नापास झालं की प्रवेश रद्द, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसऱ्या विद्यापीठात घेणंही जवळपास बंद होतं. आपल्याकडं विषय कितीदाही देता येतो त्या सवयीनं जाऊ नका. अभ्यास कच्चा वाटला तर मुदतीत नाव काढून घेणं केव्हाही बरं.

मन्याड
नोकरीवर घर चालेल असं कोणी सांगत असेल तर मानू नका. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, ही मार्च २०२४ पासूनची मुभा. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची रेघ पाळायची. किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो. आकडा चांगला दिसतो, पण जर्मन येत नसेल तर छोट्या गावात पहिले काही महिने काम मिळत नाही. ए-२ पातळीपर्यंत जर्मन भाषा इथूनच करून जा.

बालाघाट
बी-१ म्हणा, त्याच्या पुढची पातळी. इंग्रजी अभ्यासक्रम झाला तरी पुढं कारखान्यात मुलाखत जर्मनमध्येच होते, मेकॅनिकलला तर नक्कीच. अभ्यास संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, त्यात भाषा शिकायला बसलं तर वेळ पुरत नाही.

विंचरणा
एवढं सगळं करण्यापेक्षा ब्रिटनचं एक वर्षाचं का नको? तिथं ब्लॉक खातं नाही, रक्कम सलग २८ दिवस खात्यात दाखवायची.

कयाधू
रक्कम दाखवायची हे खरं, पण फीही भरायची. त्यावर आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी-मास्टर्सच्या मुलांना शिक्षणानंतरची मुदत दोन वर्षांऐवजी १८ महिने होणार आहे. ज्याच्याकडे तारणाला शेतच आहे त्यानं फीचं कर्ज अंगावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

दुधनाकाठ
मूळ प्रश्न क्रमाचा होता, तो राहू नये. सिंदफणाताई, भाच्यासाठी असं लावा.
या महिन्यात पासपोर्ट आणि चारही ठिकाणची नावं. त्याच आठवड्यात ट्रान्सक्रिप्ट आणि श्रेणीपत्राचा अर्ज. ते हातात आलं की लगेच एपीएस. एपीएस तिकडं फिरत असताना आयईएल्टीएस आणि जर्मनचा वर्ग. ऑक्टोबरच्या सत्राची सर्वसाधारण शेवटची तारीख १५ जुलै, पण परदेशी मुलांना कित्येक ठिकाणी मार्च किंवा मे अखेर असते, म्हणून अर्ज फेब्रुवारीपासून.
कर्जाची मंजुरी प्रवेशपत्राशिवाय होत नाही, पण जागेचे कागद आणि वकिलाचं मत त्याआधी तयार असलं पाहिजे. म्हणजे कर्जाचे कागद एपीएसच्या बरोबरीनं आणि कर्ज प्रवेशपत्रानंतर. व्हिसाची फी ७५ युरो, तारीख मिळायला वेळ लागतो, प्रवेशपत्र आल्याच्या दिवशीच रांगेत लागा. मुंबईची सकाळची वेळ असेल तर देवगिरी एक्स्प्रेसवर भिस्त नको, गाडीला उशीर झाला की तारीख गेली. आदल्या दिवशी दुपारपर्यंत मुंबईत पोचा.

सिंदफणा
खूप स्पष्ट झालं. एजंटाला आज नाही म्हणून कळवलं. मावशीचा बीडमध्ये एनए प्लॉट आहे, त्यांच्याशी बोलते. गावातल्या घराचं मालमत्तापत्रक निघालंय का हे ग्रामपंचायतीत कळेल का?

कयाधू
ग्रामसेवकाला विचारा, पण नक्की माहिती गेवराईच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात मिळेल. गावाचं नाव आणि ग्रामपंचायतीचा घर क्रमांक घेऊन जा. मावशींच्या प्लॉटची खरेदीखताची प्रत, एनए आदेश आणि चालू वर्षाची करपावती एकत्र ठेवा. प्लॉट कोणाच्या एकाच्या नावावर आहे की वारसांची नोंद बाकी आहे, ते आधी बघा, बँकेचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.